तिगर टायर मिशेलिनचे आहेत का? पिरोतचा कारखाना आणि तुमची चार चाकं

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. जर्मनीत श्टुटगार्टजवळ नोकरीला असलेल्या एका वाचकांनी जुनी गाडी घेतली. हिवाळी टायर बघायला गेल्यावर दुकानदाराने 'तिगर' नावाचे टायर पुढे केले. "हे मिशेलिनचेच आहेत," असं म्हणाला आणि किंमत सांगितली मिशेलिनच्या जवळजवळ निम्मी. टायरच्या कडेला 'मेड इन सर्बिया' असं उठवलेलं होतं. वाचक विचारतात, हे खरंच मिशेलिनचे आहेत का? असतील तर एवढे स्वस्त कसे? आणि जी कंपनी स्वतःच्या देशात परक्यांच्या मालकीची झाली, तिच्या मालावर किती विश्वास ठेवावा?

दुकानदार खोटं बोललेला नाही, पण अर्धंच बोललाय. कारखाना मिशेलिन या फ्रेंच टायर कंपनीचा आहे. टायर मिशेलिन नाही. या दोन वाक्यांमधली जागा नीट समजली की खरेदीचा निर्णय तुमचा तुम्हालाच घेता येईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी एकतीस वर्षं टायरच्या कारखान्यात काढली. सुरुवात क्युअरिंगच्या, म्हणजे टायर शिजवणाऱ्या प्रेसवर, मग कंपाउंडमध्ये, म्हणजे रबराच्या मिश्रणात, शेवटची दहा वर्षं क्वालिटीत. दुसऱ्यांचे टायर बाजारातून आणून कापून बघणं हा आमच्या कामाचाच भाग होता. बँडसॉवर टायरचा आडवा काप काढायचा, पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करायचा आणि भिंगाखाली ठेवायचा. टायर कसा बांधलाय ते सगळं त्या कापात दिसतं: पोलादी बेल्टच्या कडा दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर आल्यात का, हवा धरून ठेवणाऱ्या आतल्या थराची जाडी सगळीकडे एकसारखी आहे का, बीडच्या, म्हणजे रिमवर बसणाऱ्या कडेच्या, तारांचं बंडल सरळ बसलंय का.

एकदा युरोपातल्या एकाच उद्योगसमूहाचे दोन टायर असे शेजारी शेजारी कापले होते. एक पहिल्या पंक्तीचा, म्हणजे महागड्या नावाचा, दुसरा तिसऱ्या पंक्तीचा, म्हणजे स्वस्त नावाचा, किमतीत जवळपास दुपटीचा फरक. बेल्टच्या कडा, थरांची जाडी, बीड, सांधे यांत मला दोघांत बोट ठेवायला जागा सापडली नाही. फरक होता तो वरच्या थरात, म्हणजे रस्त्याला लागणाऱ्या ट्रेडमध्ये. स्वयंपाकघर तेच, आचारी तेच, भांडी घासायची शिस्तही तीच. आमटीत घातलेला मसाला वेगळा. तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर इथेच आहे, पण आधी ते स्वयंपाकघर कुठलं ते बघू.

पिरोत हे दक्षिण-पूर्व सर्बियातलं, निशावा नदीच्या खोऱ्यातलं गाव. वस्ती पस्तीस हजारांच्या आसपास. निशहून बल्गेरियाची राजधानी सोफियाकडे जाणारा हमरस्ता आणि रेल्वे इथूनच जाते, बल्गेरियाची सरहद्द अगदी जवळ. गावाची जुनी ओळख दोन गोष्टींची: मेंढीच्या लोकरीचे किलीम, जे दोन्ही बाजूंनी सारखेच दिसतात, आणि काच्कावाल नावाचं चीज. १९३५मध्ये या गावात रबरी पादत्राणांचा एक छोटा कारखाना निघाला. तीच तिगर. सर्बियन भाषेत तिगर म्हणजे वाघ.

बुटाच्या कारखान्यातून टायरचा कारखाना कसा निघतो, असं पुष्कळांना वाटतं. रबराच्या धंद्यातल्या माणसाला त्यात नवल नाही. गमबूट असो की टायर, रबर मळायचं, त्यात काजळी आणि गंधक घालायचं, साच्यात घालून दाबाखाली तापवायचं, हे मूळ काम एकच. युगोस्लाव्हियात हे आणखी एका ठिकाणी झालं होतं. आजच्या क्रोएशियातल्या बोरोवोला बाटाने बुटांचा कारखाना काढला आणि तिथेही पुढे टायर बनू लागले. पिरोतने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या समाजवादी काळात टायरमध्ये पाय रोवले आणि देशातल्या मोठ्या रबर उद्योगांत तिगरचं नाव झालं.

मग नव्वदचं दशक आलं. देश फुटला, मे १९९२मध्ये संयुक्त राष्ट्रांनी निर्बंध लादले, १९९३मध्ये महागाई अशी भडकली की सकाळचा पगार संध्याकाळी कागद व्हायचा. टायरच्या कारखान्यासाठी निर्बंधांचा अर्थ काय होतो, ते धंद्यातल्या माणसालाच कळेल. नैसर्गिक रबर युरोपात पिकत नाही, ते बाहेरूनच येतं. सुटे भाग, साचे, पोलादी तार, रसायनं, सगळ्यालाच परकीय चलन लागतं. प्रेस एक दिवस थंड पडला तर तो पुन्हा तापवून ताळ्यावर आणायला वेळ जातो. वर्षानुवर्षं अर्ध्या ताकदीने चाललेल्या कारखान्यात तंत्र मागे पडतं, आणि हाताची सवय गेली तर ती परत येत नाही. पिरोतमध्ये ती सवय टिकली. याचं श्रेय मी तिथल्या कामगारांना देतो, नंतर आलेल्या मालकांना नाही.

मिशेलिनशी संबंध जुळला तो त्याच दशकाच्या उत्तरार्धात, तेही मालक म्हणून नाही, गिऱ्हाईक म्हणून. आपल्याकडे ज्याला जॉबवर्क म्हणतात, तसं काहीसं. फ्रेंच कंपनी काही टायर इथे बनवून घेऊ लागली. मग १९९९मध्ये नाटोची बॉम्बफेक, २००० साली राष्ट्राध्यक्ष मिलोशेविच यांची सत्ता गेली, आणि २००२मध्ये तिगर, मिशेलिन आणि जागतिक बँक गटातलं आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळ यांची संयुक्त कंपनी उभी राहिली. फक्त टायरचा विभाग तिच्यात गेला. २००७पर्यंत मिशेलिनकडे बहुमत आलं आणि पुढच्या काही वर्षांत उरलेला हिस्साही त्यांनी घेतला. आज तिगर टायर्स पूर्णपणे मिशेलिनची आहे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण बरेच जण गोंधळतात. जुनी तिगर कंपनी संपली नाही. बूट आणि तांत्रिक रबराचा धंदा तिच्याकडेच राहिला आणि तिला पुढे मोठ्या आर्थिक अडचणींनी घेरलं. एका गावात, एका नावाच्या दोन कंपन्या. एक फुलली, दुसरी कोमेजली. पिरोतमध्ये एकाच घरातला एक भाऊ टायरमध्ये आणि दुसरा बुटात असेल, तर दोघांची वीस वर्षं किती वेगळी गेली असतील, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

मालकी आल्यावर कारखान्यात काय बदलतं? बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, फलक बदलतो आणि नवी यंत्रं येतात. खरा बदल मोजमापात असतो. रबर मळताना तापमान किती अंशांवर गेलं की बॅच बाहेर काढायची, मिक्सिंगनंतर किती तास ती टेकवून ठेवायची, कच्च्या टायरचा सांधा किती मिलिमीटर चढवायचा, प्रेस उघडल्यावर पहिला टायर कोणी बघायचा, हे सगळं लिहिलेलं असतं आणि त्यातून सूट कोणालाही नसते. साधा कारचा टायर साधारण १६० ते १८० अंश तापमानाला दहा-बारा मिनिटं शिजतो. त्यात अर्ध्या मिनिटाची गफलत टायर कापल्याशिवाय डोळ्यांना दिसत नाही, पण पन्नास हजार किलोमीटरवर दिसते. मोठ्या समूहाच्या कारखान्यात ही गफलत होऊ नये म्हणून जी यंत्रणा असते, ती तिगर बनवताना वेगळी आणि महागडा टायर बनवताना वेगळी, अशी नसते. ते परवडणारच नाही. माणसाला दोन शिस्ती शिकवता येत नाहीत.

मग स्वस्त कसा?

पहिली गोष्ट मसाल्याची. ट्रेडच्या रबरात काजळीच्या जोडीला सिलिका घालतात. ओल्या रस्त्यावर पकड आणि इंधनाची बचत या दोन्ही एकाच वेळी हव्या असतील, तर चांगल्या प्रतीचं कृत्रिम रबर, भरपूर सिलिका आणि त्या सिलिकेला रबराशी बांधणारं सिलेन लागतं. हे मिश्रण महाग असतं आणि मळायला वेळ घेतं. एकाच बॅचला मिक्सरमधून जास्त वेळा काढावं लागतं, म्हणजे तेवढा वेळ मिक्सर अडकून राहतो. तिसऱ्या पंक्तीच्या टायरची पाककृती साधी ठेवली जाते. दुसरी गोष्ट नक्षीची. पहिल्या पंक्तीच्या टायरची रचना दर काही वर्षांनी बदलते. संशोधन, चाचण्या, गाडी बनवणाऱ्या कंपन्यांकडून मंजुरी, जाहिरात यांचा खर्च त्या किमतीत बसवलेला असतो. तिगरची नक्षी जास्त वर्षं चालते, साच्याचा खर्च वसूल झालेला असतो, आकार निवडक असतात.

आणि तीच नक्षी दुसऱ्या नावांनीही विकली जाते. रिकेन, कोर्मोरान, टॉरस, स्ट्रियाल ही नावं तुम्हाला त्याच दुकानात दिसतील. शेजारी ठेवून बघा, ट्रेडचे खाचे सारखे निघतील. कोर्मोरान हे मूळचं पोलंडमधल्या ओल्श्तिनच्या कारखान्याचं नाव, टॉरस हंगेरीचं, रिकेन जपानचं. मिशेलिनने ती सगळी आपल्या पंखाखाली घेतली. तुमच्या देशात यातलं जे सगळ्यात स्वस्त असेल ते घ्या. टॉरस आणि तिगर यांच्यात दहा युरोंचा फरक असेल, तर ते दहा युरो नावाचे आहेत, रबराचे नाहीत.

तिसरं कारण मजुरीचं आणि भूगोलाचं, ते थोडक्यात. सर्बिया युरोपीय संघाचा सदस्य नाही, २०१२पासून फक्त उमेदवार आहे. पण संघाशी त्यांचा व्यापार करार असल्यामुळे औद्योगिक माल जवळपास बिनजकात आत येतो. पिरोतमध्ये मुक्त क्षेत्र, म्हणजे जकातीची सवलत असलेला भाग आहे, कच्चा माल आणणं आणि तयार माल पाठवणं सोपं पडतं. मजुरी जर्मनीच्या तुलनेत पुष्कळच कमी. याच कारणांनी सर्बियात टायरवाल्यांची रीघ लागली: क्रुशेवात्सला अमेरिकेच्या कूपरने त्रायाल या जुन्या सर्बियन कंपनीचा टायर विभाग घेतला आणि २०२१मध्ये कूपरच गुडइयरकडे गेली, इंजियाला जपानची टोयो आली, झ्रेन्यानिनला चीनची लिंगलाँग. झ्रेन्यानिनच्या बांधकामावरच्या व्हिएतनामी कामगारांच्या हालांवरून डिसेंबर २०२१मध्ये युरोपीय संसदेने ठराव केला होता, हेही इथे सांगायला हवं. 'सर्बियात परकीय मालकीचा टायर कारखाना' एवढ्यावरून काहीच कळत नाही. कोणाची मालकी आणि कोणत्या अटींवर, ते बघावं लागतं.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. तुम्ही तो सहज विचारला असेल, पण मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. परक्याच्या मालकीने मालाची प्रत बिघडते का? नाही, उलट पिरोतच्या बाबतीत वाढली. पण गावाचं काय? तीन हजारांहून जास्त माणसं थेट कारखान्यात आहेत, पस्तीस हजारांच्या गावात. दुकानदार, बसवाले, खानावळी, सगळ्यांचं पोट त्यावर. देशातल्या मोठ्या निर्यातदारांत या कंपनीचं नाव येतं. आणि कारखान्याचं भवितव्य ठरतं ते फ्रान्समध्ये, मिशेलिनच्या मुख्यालयात, क्लेरमाँ-फेराँला.

हे निर्णय कसे होतात ते तुम्ही जर्मनीत जवळून बघताच आहात. २०२३च्या अखेरीस मिशेलिनने कार्ल्सरुह आणि ट्रीअरचे कारखाने, तसंच होमबुर्गमधलं ट्रकच्या टायरचं उत्पादन २०२५च्या अखेरीपर्यंत थांबवण्याचं जाहीर केलं. नंतर स्वतःच्या देशातले शोले आणि व्हानचे कारखाने बंद करण्याचं सांगितलं. हंगेरीतला बुडापेस्टचा कारखाना २०१५मध्येच बंद झाला. तोच जुना टॉरसचा कारखाना. म्हणजे बघा, टॉरस हे नाव पिरोतच्या टायरवर अजून जिवंत आहे, आणि ज्या बुडापेस्टच्या माणसांनी ते मोठं केलं त्यांच्या गेटला कुलूप लागलं. नाव उचलून कुठेही नेता येतं. कारखान्यातला माणूस आपलं घर, शाळा, म्हातारे आईबाप उचलून नेऊ शकत नाही. मी स्वतः अशा एका बंद झालेल्या विभागातून बाहेर पडलेला माणूस आहे. शेवटच्या पाळीला प्रेसची वाफ बंद केली तेव्हा ती शांतता कानाला सहन झाली नव्हती. म्हणून परकीय गुंतवणूक आली की टाळ्या वाजवणाऱ्यांना मी एवढंच विचारतो की करारात गावासाठी काय लिहिलंय.

आपल्याकडेही नावाचा प्रवास याहून निराळा नाही, फक्त दिशा उलटी आहे. सीएट हे नाव इटलीतल्या तोरिनोचं, १९२४चं. भारतात ती १९५८मध्ये आली, भांडुपला कारखाना झाला, १९८२मध्ये मालकी भारतीय हातात आली. आणि २०१०मध्ये त्या नावाचे जगभराचे हक्कही भारतीय कंपनीने पिरेल्लीकडून विकत घेतले. तोरिनोतल्या तारांच्या कंपनीचं ते नाव आज नाशिक आणि नागपूरच्या टायरवर उठतं.

आता दुकानात काय बघायचं ते. कागद नको, टॉर्च घेऊन जा.

कडेला मोठ्या 'ई' अक्षरापुढे आकडा असतो, वर्तुळात. त्यावरून टायर कुठे बनला ते कळतं असा सर्रास गैरसमज आहे. तो आकडा मंजुरी कोणत्या देशाने दिली ते सांगतो. 'ई२' म्हणजे फ्रान्सची मंजुरी, आणि टायर पिरोतचा असू शकतो. बनवण्याचा देश वेगळा लिहिलेला असतो. डीओटी अक्षरांनंतरच्या ओळीतले शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. ३८२४ म्हणजे २०२४चा अडतिसावा आठवडा. चारही टायरचे आकडे वाचा. दोन एका वर्षाचे आणि दोन तीन वर्षं जुने, असा संच दिला जातो तेव्हा दुकानदाराला सरळ विचारा आणि बदलून मागा.

कडेला तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण, असं चिन्ह हवंच. ऑक्टोबर २०२४पासून जर्मनीत फक्त 'एम अधिक एस' (चिखल आणि बर्फ) लिहिलेला टायर हिवाळी मानला जात नाही. डोंगर आणि हिमकण नसेल तर टायर कितीही चांगला असो, बर्फाळ रस्त्यावर पोलिसांनी अडवलं तर दंड तुम्हालाच. वेगाची खूणही बघा, म्हणजे टायर किती वेगापर्यंत चालतो ते सांगणारं अक्षर. हिवाळी टायरवर ती गाडीच्या कमाल वेगापेक्षा कमी असली तरी चालते, पण मग चालकाला दिसेल अशी चिठ्ठी डॅशबोर्डवर लावावी लागते.

मग लेबल. मे २०२१पासून युरोपात नवं लेबल आहे. इंधन आणि ओली पकड 'ए' ते 'ई', आवाज 'ए' ते 'सी'. क्यूआर कोड स्कॅन केला की त्याच आकाराची अधिकृत नोंद उघडते. लेबल आकारागणिक बदलतं, तेव्हा "तिगरला अमुक ग्रेड आहे" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, तुमच्या आकाराचं उघडून बघा. माझं लक्ष आधी ओल्या पकडीकडे जातं. ताशी ८० किलोमीटरवरून ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला तर एकेका ग्रेडमागे काही मीटर वाढतात, आणि पुढच्या गाडीचा मागचा बंपर नेमका त्या मीटरांत असतो. तिगर आणि किमतीत त्याहून एक पायरी वरचा टायर यांत ओल्या पकडीची एक ग्रेड फरक असेल, तर मी पैसे तिथे घालेन. टायर किती किलोमीटर चालेल ते लेबलवर नसतं, आणि स्वस्त टायर झीज सहन करण्यात सहसा मागे पडतो, हे हिशेबात धरा.

माझा सल्ला तुमच्या वापरावर. गाडी शहरात, आठवड्याची खरेदी, ऑफिसला जवळचं अंतर, वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर असेल, तर तिगर घ्या, निर्धास्तपणे. चांगल्या हातांनी बांधलेला साधा टायर आहे तो. रोज ऑटोबानने, म्हणजे जर्मनीच्या जलदमार्गाने, शंभर किलोमीटर जाता-येता, घरात लहान मूल आहे, सुट्टीत श्वार्झवाल्डच्या घाटात जाता, असं असेल तर त्याच समूहातला मधल्या पंक्तीचा क्लेबर बघा किंवा दुसऱ्या कंपनीचा मधला. आणि काहीही झालं तरी पुढे दोन चांगले, मागे दोन स्वस्त, असं करू नका. चारही एकच नाव, एकच नक्षी. उन्हाळी टायरवर हिवाळा काढायचा विचार तर मुळीच नको. सात अंशांच्या खाली उन्हाळी रबर ताठरत जातं, आणि मग ते मिशेलिनचं असून काही उपयोग नाही.

बसवून झाल्यावर बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक फिरताना शेजारी उभे राहा. एखाद्या चाकाला खूपच वजनं लावावी लागली तर टायर रिमवर थोडा फिरवून पुन्हा बसवायला सांगा, बहुतेक वेळा तेवढ्याने जमतं. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक आणि जोरात वळणं टाळा. साच्यातून सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंश ट्रेडवर असतो, तो निघून जाऊ द्या. पन्नासेक किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासून घ्या. बहुतेक दुकानं ते फुकट करून देतात, आणि त्यासाठी परत जायचा कंटाळा करू नका.